छाणीच्या वाट्याचे एक मिनिट

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भचाऊच्या उत्तरेला, जमिनीच्या पोटात साधारण वीस किलोमीटर खोल, खडक फाटला. तिथून तीनशे किलोमीटरवर असलेल्या छाणीला त्या क्षणी त्याचा पत्ताही नव्हता. खडकातून धावणाऱ्या लहरींच्या वेगावरून हिशेब मांडला, तर बडोद्याच्या उत्तर वेशीवरच्या या जुन्या गावात पहिली बारीक थरथर पोचायला पाऊण मिनिट लागले असणार, आणि माणसांना घराबाहेर पळवणारा खरा हादरा यायला साधारण सव्वा मिनिट. तिकडे अंजारच्या अरुंद गल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ शाळकरी मुले आणि २० शिक्षक दोन्ही बाजूंच्या घरांच्या ढिगाऱ्याखाली गेले. भूकंप होता ७.७ महत्तेचा, म्हणजे वर्तमानपत्रांच्या बोलीत ७.७ रिश्टर. सरकारी नोंदीप्रमाणे गुजरातमध्ये १३ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातली सातशेहून अधिक अहमदाबादेतली होती, केंद्रबिंदूपासून सव्वादोनशे किलोमीटर दूर.

भूकंप झाला की पुढचे काही आठवडे एकच विषय चालतो: आधी कळले असते का? बडोद्यातही चालला. कुणाची गाय रात्रभर हंबरत होती, कुणाच्या गल्लीतली कुत्री आभाळाकडे तोंड करून रडत होती, कुणी कावळ्यांचे थवे वेड्यासारखे फिरताना पाहिले होते. या गोष्टी सांगणारी माणसे खोटी नसतात. आपली मुले वाचावीत म्हणून निसर्गाने काहीतरी खूण दिली असणारच, अशी त्यांची आशा असते आणि ती आशा फार जुनी आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूकंपाच्या लक्षणांवर एक अख्खा अध्याय लिहिला आणि काही दिवस आधी आकाशात दिसणाऱ्या चिन्हांची यादी केली. ग्रीसमधले हेलिकी शहर ख्रिस्तपूर्व ३७३ मध्ये भूकंपाने समुद्रात बुडाले. त्याच्या पाच दिवस आधी उंदीर, साप, गोम सगळे शहर सोडून गेले, असे एका रोमन लेखकाने नोंदवून ठेवले आहे. ही नोंद मात्र घटनेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी झाली.

या खुणा तपासायच्या कशा? बडोद्यातलेच उदाहरण घेऊ. विश्वामित्री नदीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात पाणी चढले की त्या सोसायट्यांच्या आवारात शिरतात. दर वर्षी. ज्या आठवड्यात मगर अंगणात आली त्याच आठवड्यात कच्छ हलले, तर ती मगर कायमची लक्षात राहील. बाकीच्या पंचवीस पावसाळ्यांतल्या मगरी कुणाला आठवणार नाहीत. म्हणून खूण दिसली आणि भूकंप झाला, एवढे मोजून भागत नाही. खूण दिसली आणि भूकंप झाला नाही, असे किती वेळा घडले? भूकंप झाला आणि खूण दिसलीच नाही, असे किती वेळा? हे दोन आकडे मिळाले, की मगच पहिल्या आकड्याला अर्थ येतो. नेमके हेच दोन आकडे लोककथेत नसतात.

जर्मनीतल्या पॉट्सडाम येथील भूविज्ञान संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरातून गोळा झालेल्या अशा सातशेहून अधिक नोंदी तपासल्या. दीडशेहून अधिक भूकंपांशी त्या जोडल्या गेल्या होत्या. बहुतेक नोंदी एकट्यादुकट्या निरीक्षणाच्या होत्या. भूकंप नसताना तेच प्राणी कसे वागतात, हे सलग पाहिलेल्या नोंदी अगदी मोजक्या निघाल्या. शिवाय अनेक नोंदींचा उलगडा पूर्वधक्क्यांनी होत होता: मोठ्या भूकंपाआधी बारीक धक्के बसत होते, माणसाला ते जाणवले नाहीत, प्राण्यांना जाणवले. ही उणीव भरून काढायचे प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. इटलीत लाक्विला शहराचा भूकंप २००९ च्या एप्रिलमध्ये झाला, तेव्हा तिथून ७४ किलोमीटरवरच्या एका तळ्यात इंग्लंडची एक संशोधक बेडकांच्या विणीचा अभ्यास करत होती. भूकंपाशी तिचा काही संबंध नव्हता. भूकंपाच्या पाच दिवस आधी तळ्यातले जवळजवळ सगळे नर भेक निघून गेले, ही तिची नोंद रोजच्या मोजणीतून आली, म्हणून ती मोलाची. पुढे जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इटलीतल्याच एका शेतावरच्या गायी, मेंढ्या आणि कुत्र्यांच्या गळ्यात हालचाल मोजणारी यंत्रे बांधली आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. जनावरे गोठ्यात असताना काही धक्क्यांच्या एक ते वीस तास आधी त्यांची चुळबुळ वाढलेली दिसली. पण एक तळे, एक शेत. एवढ्या पुराव्यावर उद्या छाणी रिकामी करा, असे कुठलाही शहाणा कलेक्टर सांगणार नाही.

तरीही एकदा शहर रिकामे केले गेले होते आणि म्हणून ही आशा सुटत नाही. चीनमधले हायचंग. १९७४ च्या हिवाळ्यात, गोठणाऱ्या थंडीत, साप बिळांतून बाहेर येऊन बर्फावर मेले. विहिरींचे पाणी चढू-उतरू लागले. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी संध्याकाळी ७.३ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा बरेच लोक घराबाहेर होते. जिथे लाखांत माणसे गेली असती तिथे सुमारे दोन हजार गेली. जगभर डंका वाजला की भूकंपाचे भाकीत शक्य झाले. पण पुढे अभिलेखागारातले कागद उघडले आणि चिनी व परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून ते वाचले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की लोकांना बाहेर काढणारे मुख्य कारण म्हणजे आदल्या दिवसापासून सुरू झालेले शेकडो पूर्वधक्के. सापांपेक्षा त्या धक्क्यांनी आणि धाडसी स्थानिक अधिकाऱ्यांनी माणसे वाचवली. दीडच वर्षाने, २८ जुलै १९७६ च्या पहाटे, तांगशान शहर झोपेत असताना उद्ध्वस्त झाले. तिथे असे पूर्वधक्के आलेच नाहीत. सरकारी आकडा दोन लाख चाळीस हजारांवर मृतांचा आहे.

मग पूर्वधक्के हीच खात्रीची खूण मानायची का? मराठी माणसाला याचे उत्तर घरातूनच मिळते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात शंभराहून अधिक बारीक धक्के बसले. लोक घाबरले, रस्त्यावर झोपले, अधिकारी येऊन गेले. मग जमीन शांत झाली. जवळजवळ वर्षभराने, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला माती-दगडांच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. आता पालघर पाहा. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली. हजारो धक्के, त्यातले मोठे चारच्या आसपास. आदिवासी पाड्यांतल्या लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. हा लेख लिहीपर्यंत तिथे मोठा भूकंप झालेला नाही. ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाजवळ १९८३ मध्ये अशीच रांग लागून विरून गेली होती. किल्लारीची रांग आणि पालघरची रांग यांत फरक काय, हे त्या त्या वेळी सांगू शकेल अशी कसोटी अजून कुणाच्या हाती नाही. या सगळ्या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट मला हीच वाटते. खूण असते, पण तीच खूण भूकंपाशिवायही असते.

जमिनीच्या आत डोकावणाऱ्या खुणांचेही असेच आहे. खडकातल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू सतत तयार होत असतो आणि ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. खडकावर ताण येऊन बारीक भेगा पडल्या, तर तो जास्त प्रमाणात वर येईल आणि विहिरीच्या पाण्यात उतरेल, हा विचार सरळ आहे. १९६६ मध्ये ताश्कंदच्या भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरीत रेडॉन वाढलेला सोव्हिएत शास्त्रज्ञांना दिसला आणि जगभर मोजण्या सुरू झाल्या. अडचण अशी की पाऊस पडला, हवेचा दाब उतरला, तापमान बदलले, तरी रेडॉन बदलतो. म्हणून आता एका खुणेवर कुणी विसंबत नाही. गांधीनगरची भूकंप संशोधन संस्था कच्छच्या त्याच, म्हणजे भुजच्या भूकंपानंतर, २००३ मध्ये स्थापन झाली. तिने कच्छमध्ये बादरगढ, वामका आणि देसलपर येथे अशी केंद्रे उभी केली, जिथे रेडॉन, भूजलाची पातळी, पृथ्वीचे चुंबकत्व, गुरुत्व आणि जमिनीची सरक एकाच जागी, एकाच वेळी मोजली जाते. चार-पाच गोष्टी एकदम बिघडल्या तर पावसाला दोष देता येणार नाही, ही त्यामागची बुद्धी.

आणि कोयना. पश्चिम महाराष्ट्रातली ही दरी भूकंपशास्त्राची जगातली एक मोठी प्रयोगशाळा आहे, याचा मराठी वाचकाला पुरेसा अभिमान नाही. १९६२ पासून कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी भरू लागले आणि धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप होऊन कोयनानगर पडले, दोनशेच्या आसपास माणसे गेली. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांत एवढा मोठा दुसरा नाही. तेव्हापासून सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद एवढ्या पट्ट्यात जमीन हलतच आहे, आणि आजूबाजूला भूकंपाचा दुसरा उगम नाही. निरीक्षणाला याहून नेटकी जागा सापडणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता यांनी दाखवून दिले की पाणी आठवड्याला १२ मीटरहून अधिक वेगाने चढले तर पाचच्या वरचा धक्का संभवतो. १९९५ नंतर याच संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांच्या साथीने कोयना-वारणा भागात २१ कूपनलिका खणल्या, त्या केवळ पाण्याची पातळी पाहण्यासाठी. खडक दाबला गेला की त्यातले पाणी वर येते, सैल झाला की खाली जाते. खोल कूपनलिका म्हणजे खडकाच्या ताणाचा मापकच. गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांगितलेली विहिरीच्या पाण्याची खूण इथे यंत्राने, सलग, भूकंप असताना आणि नसतानाही मोजली गेली. लोकांच्या निरीक्षणाचा खरा मान राखणे ते हेच, असे मी म्हणेन.

२००५ पासून तिथल्या बारीक धक्क्यांची चालता-चालता छाननी होऊ लागली. मे २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी पंधरा दिवसांत चारच्या आसपास धक्का बसेल असे आधी लिहून ठेवले आणि तो त्या मुदतीत बसला. असे यश थोडे आणि धक्के लहान, पण भाकीत आधी कागदावर आले होते. पुढे आंतरराष्ट्रीय भूखंड वेधन कार्यक्रमाच्या मदतीने २०११ मध्ये हैदराबादेत आणि २०१४ मध्ये कोयनेत देशोदेशींचे तज्ज्ञ जमले, आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक पाडले गेले. सव्वा किलोमीटरचा बेसॉल्ट ओलांडून यंत्र खालच्या ग्रॅनाइटी खडकात गेले. भूकंप जिथे जन्मतो तिथेच कान लावून बसायचे, हा पुढचा बेत आहे. कराडची प्रयोगशाळा त्यासाठीच आहे.

या आशेला मर्यादा घालणाऱ्या घटनाही लपवून चालणार नाही. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्ड गावी भूकंप ठरावीक काळाने येतो असे वाटले, तो १९९३ पूर्वी येईल असे जाहीर झाले, सगळा परिसर यंत्रांनी मढवला. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, आणि एवढ्या यंत्रांनाही आधीची कुठली खूण मिळाली नाही. जपानने १९७८ मध्ये तोकाई भागातल्या भूकंपाचे भाकीत होईल असे गृहीत धरून कायदाच केला. २०१७ मध्ये त्यांनी ती व्यवस्था बदलली, कारण नेमके भाकीत शक्य नाही हे त्यांनी मान्य केले. लाक्विलाच्या आधी काही महिने बारीक धक्के बसत होते, रेडॉन मोजणारा एक तंत्रज्ञ धोका सांगत होता, आणि अधिकारी लोकांना धीर देत होते. भूकंपात तीनशेहून अधिक माणसे गेली. सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४ मध्ये अपिलात सुटले. त्या भूकंपानंतर इटलीच्या सरकारने जगभरातले तज्ज्ञ बोलावून आयोग नेमला. २०११ चा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे: रेडॉन, प्राणी, विद्युत लहरी, पाणी, यांपैकी एकही खूण अजून भरवशाची ठरलेली नाही. उपग्रहांनाही हाच न्याय. भुजच्या भूकंपाआधी तिथल्या जमिनीचे तापमान वाढल्याचे रुडकीच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांत दाखवले, पण ते भूकंप होऊन गेल्यावर चित्रे चाळताना. २०२३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी नव्वद मोठ्या भूकंपांच्या जीपीएस नोंदी एकत्र करून दोन तास आधीची सरक सापडल्याचे म्हटले, तेव्हा केवढा आनंद झाला होता! इतर शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींतला यंत्रांचा गोंधळ वगळला आणि खूण नाहीशी झाली. नोंदी सर्वांना खुल्या होत्या म्हणून हे काही आठवड्यांत कळले.

आता त्या सव्वा मिनिटाकडे येतो. भूकंप सुरू झाल्यावर खडकातून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. पहिल्या, प्राथमिक लहरी खडक पुढे-मागे दाबत सेकंदाला सहा ते आठ किलोमीटर धावतात आणि फारसे नुकसान करत नाहीत. दुसऱ्या, दुय्यम लहरी खडक आडवा हलवतात, इमारती पाडतात, आणि त्या निम्म्यापेक्षा थोड्या अधिक वेगाने येतात. वीज आधी दिसावी आणि गडगडाट मागून यावा तसे हे आहे. अंतर जितके जास्त तितकी मधली फट मोठी. कुत्रे हादऱ्याच्या काही सेकंद आधी भुंकते ते बहुधा याच पहिल्या लहरींमुळे. ही निसर्गाची एकच खूण अशी आहे, जी कधी खोटी ठरत नाही. पण तिचा उपयोग करायचा तर ती छाणीत मिळून पुरत नाही, ती कच्छमध्येच पकडावी लागते. तिथल्या यंत्राने पहिली लहर पकडली आणि तारेने, रेडिओने निरोप धाडला, तर तो निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो आणि लहर मागे राहते. २००१ सारखा भूकंप आज झाला आणि अशी व्यवस्था चालू असली, तर छाणीला पाऊण ते एक मिनिट मिळू शकेल.

एका मिनिटात काय होते? मुले वर्गाबाहेर मैदानात येतात. लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडते. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हात थांबवतो. छाणीला लागूनच फर्टिलायझरनगर आहे, पलीकडे कोयलीची रिफायनरी. अमोनियाच्या आणि तेलाच्या झडपा आपोआप बंद करायला काही सेकंद पुरतात. मेक्सिको सिटी १९८५ मध्ये सुमारे चारशे किलोमीटर दूरच्या भूकंपाने कोसळले होते, अहमदाबादेसारखेच, मऊ गाळाच्या जमिनीमुळे. त्यांनी १९९१ पासून किनाऱ्यावर यंत्रे बसवून राजधानीत भोंगे वाजवायला सुरुवात केली. जपानने २००७ पासून सगळ्या देशाला हा इशारा देणे सुरू केले. आपल्याकडे उत्तराखंडात रुडकीच्या आयआयटीने यंत्रांचे जाळे विणले आणि २०२१ मध्ये भूकंपाचा इशारा देणारे मोबाइल ॲप आणले.

छाणीच्या तर दाराशीच हे तंत्रज्ञान येत आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग छाणीजवळच्या बाजवा-छायापुरी लोहमार्गाला पोलादी पुलावरून ओलांडतो. या मार्गासाठी जपानी पद्धतीचे २८ भूकंपमापक ठरले आहेत. त्यातले २२ मार्गालगत, एक बडोद्यातही. उरलेले सहा मुद्दाम दूर, जिथे पूर्वी मोठे भूकंप झाले तिथे: महाराष्ट्रात खेड, रत्नागिरी, लातूर आणि पांगरी, गुजरातेत अडेसर आणि जुने भुज. पहिली लहर मिळताच वीज तुटेल आणि गाड्यांचे ब्रेक लागतील. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात जपानमध्ये प्रवासी घेऊन धावणारी एकही शिंकानसेन रुळावरून उतरली नाही, हे या पद्धतीचे प्रमाणपत्र. माझी मागणी साधी आहे. अडेसरचे यंत्र गाडीला जे सांगेल तेच त्याने रुळाशेजारच्या छाणीच्या शाळांना आणि दवाखान्यांनाही सांगावे. निरोप एकदा निघाला की तो आणखी एका भोंग्यापर्यंत पोचवायला फार मोठा खर्च नाही.

या पद्धतीचे दुबळे अंगही सांगितले पाहिजे. २३ मार्च १९७० ला भरूचमध्ये ५.४ महत्तेचा भूकंप होऊन पंचवीस-तीस माणसे गेली. भरूच बडोद्यापासून सत्तर किलोमीटरवर, नर्मदेच्या काठच्या भ्रंशपट्ट्यात, म्हणजे खडकातल्या खोल भेगांच्या पट्ट्यात. तिथून निघालेल्या धक्क्याचा इशारा छाणीला मिळाला तरी दहा-बारा सेकंदांचा, आणि खुद्द भरूचला काहीच नाही. मेक्सिकोत २०१७ मध्ये भूकंप जवळ झाला तेव्हा भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच आले होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाने नर्मदा आणि मही खोऱ्यांतले भ्रंश आणि गाळाचे थर वर्षानुवर्षे पायी फिरून तपासले आहेत. जवळच्या भूकंपापासून सावध करणारे ज्ञान इशाऱ्यात नाही, ते अशा अभ्यासात आहे.

यातले काहीही एका देशाच्या बळावर उभे राहिलेले नाही. १८८९ मध्ये जपानमधल्या भूकंपाच्या लहरी जर्मनीतल्या पॉट्सडामच्या एका नाजूक लंबकावर उमटल्या, तेव्हाच कळले की पृथ्वी एकसंध हलते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत इंग्रज शास्त्रज्ञ मिल्नचा भूकंपमापक आला. १९६० च्या दशकात अमेरिकेने जगभर एकाच बनावटीची यंत्रे दिली, त्यातले एक पुण्यात बसले आणि कोयनेचा भूकंप जगाच्या नोंदीत नीट आला. किल्लारीनंतर जर्मन पथक आपली फिरती यंत्रे घेऊन मराठवाड्यात उतरले. याउलट २००१ मध्ये कच्छच्या भूकंपकेंद्राजवळ जोरदार हादऱ्याची सलग नोंद करणारे यंत्र नव्हते. हाती आलेली महत्त्वाची नोंद अहमदाबादच्या पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीतली. एवढ्या मोठ्या भूकंपाने शिकवण्यासारखे बरेच काही असे वाया गेले. आता ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निघालेला निसार उपग्रह भारत आणि अमेरिका यांचा जोडप्रकल्प आहे, त्याचा एक रडार अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने घडवला, आणि दर बारा दिवसांनी तो जमिनीची अगदी बारीक सरक मोजत परत येतो. कच्छचा भ्रंश किती ताण साठवतो आहे, हे त्यातून दिसेल. त्या नोंदी जगासाठी खुल्या आहेत. तशाच आपल्या प्रत्येक संस्थेच्या नोंदी, अगदी फसलेल्या भाकितांसकट, खुल्या असाव्यात, याबाबत माझे मत पक्के आहे. हायचंगचे कागद तीस वर्षे बंद राहिले नसते, तर सापांवर खर्च झालेली कितीतरी वर्षे वाचली असती.

छाणीचे सांगायचे तर बडोदे भारतीय मानकाच्या २०१६ च्या संहितेत तिसऱ्या विभागात येते, भुज पाचव्यात. गाव मही आणि विश्वामित्री यांच्यामधल्या गाळाच्या सपाटीवर आहे आणि असा गाळ हादरा वाढवतो. तलावाकाठच्या जुन्या वस्तीभोवती, कालव्याच्या रस्त्याने उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि बहुतेकांचा तळमजला वाहनतळासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला असतो. अहमदाबादेत २००१ मध्ये ज्या इमारती बसल्या त्यांतल्या अनेक नेमक्या याच घडणीच्या होत्या: वरचे मजले भिंतींनी ताठ, खालचा मजला लवचीक, आणि सगळा मार खांबांच्या टोकांवर.

म्हणून वाचकांना तीन विनंत्या. तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल तर सेटिंग्जमध्ये भूकंपाचा इशारा चालू आहे ना, ते आजच पाहा. ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आली आहे. कुत्रे, गाय, विहीर यांचे काही वेगळे वागणे दिसले तर तारीख-वेळ घालून वहीत लिहा, आणि भूकंप झाला नाही तरी ती नोंद खोडू नका. आणि छाणीत किंवा कुठेही नवे घर घेताना, रंग आणि फरशी पाहण्याआधी, तळमजल्याच्या खांबांचा भूकंपरोधक आराखडा कुणी केला आणि कुणी तपासला, ते लेखी मागा. मिळाले नाही तर ते घर घेऊ नका.